दिवा लागला की आबांनी ओरडायचं

सांगू की नको, असं करत मी महिनाभर घालवला. पण आता इथे काशीत अहिल्याबाई घाटावरचे नाववालेसुद्धा मला बघून हसतात, मग तुम्हीच काय घोडं मारलंय? घ्या, चहा घ्या आणि ऐका. फक्त मध्येच कप आपटू नका, मी दचकते.

दचकणं हा माझा जन्मजात गुण. कुकरची शिट्टी झाली की मी उडते. फोन थरथरला की मीही थरथरते. बी.कॉम. झाले, मार्कही बरे पडले, पण इंटरव्ह्यूत कुणी 'टेल मी अबाउट युअरसेल्फ' म्हटलं की मला माझ्याबद्दल काहीच आठवत नाही. म्हणून आईनं मला गोदौलियाजवळच्या एका इंग्रजीच्या क्लासला घातलं.

तिथे आम्हाला छोटे छोटे धडे देतात. दीड-दोन पानांचे, सगळे तिकडच्या लोकांच्या जगण्यावरचे. आणि काय एकेक धक्के हो! सख्ख्या मावशीकडे जायचं तर म्हणे आधी फोन करून वेळ घ्यायची! घरातलं जुनं सामान अंगणात मांडून शेजाऱ्यांनाच विकायचं! पोरं मोठी झाली की त्यांनी आपलं वेगळं घर बघायचं! हा शेवटचा धडा मी आईला वाचून दाखवला, तर ती दोन दिवस माझ्याकडे संशयानं बघत होती.

मॅडमची एकच अट. धडा नुसता वाचायचा नाही. जमेल तो घरी करून बघायचा आणि वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगायचा.

माझ्या वाट्याला आला 'सरप्राइज पार्टी'.

धड्यात एक मिस्टर ब्राउन होते. नोकरीतून निवृत्त झालेले, उदास. त्यांचा वाढदिवस कुणाच्याच लक्षात नाही असं त्यांना वाटतं. संध्याकाळी घरी येतात, तर घरात काळोख. बिचारे खाली मान घालून दार उघडतात आणि झप्पकन दिवे लागतात! सगळे लपलेले लोक ओरडतात, 'सरप्राइज!' मिस्टर ब्राउन आनंदानं रडतात. खाली पाच प्रश्न.

मी धडा वाचला आणि माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कारण आमच्या घरी तेव्हा एक मिस्टर ब्राउन होतेच. माझे बाबा.

बाबा बँकेतून थोडे मुदतीआधीच निवृत्त झाले आणि गप्पच झाले. सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग खिडकीत बसून राहायचे. संध्याकाळी घाटावर जाऊन जोशीकाकांशेजारी बसायचे, तेही न बोलता. साठावा वाढदिवस तोंडावर आलेला. आईनं साठीशांतीचा विषय काढला, तर म्हणाले, "कशाला? कुणाला पडलंय?"

कुणाला पडलंय? बाबा, आता बघाच!

आईला बेत सांगितला, तर तिनं लाटणं खाली ठेवलं. "वाढदिवसाला आपण औक्षण करतो, दिवे लावतो. आणि तुझ्या त्या पुस्तकात दिवे घालवून बसतात?"

"अगं, मग लावतात ना! एकदम!"

"मिनू, मला हे लक्षण बरं दिसत नाही."

आईचं ऐकलं असतं तर आज तुम्हाला नुसताच चहा मिळाला असता.

बाबांना घाटावर अडकवून ठेवायचं काम जोशीकाकांकडे दिलं. आत्या आणि तिची मुलगी रेवा, वरच्या गल्लीतले काळे आणि त्यांचा गोतावळा, बाबांच्या बँकेतले जुने मित्र, सगळ्यांना बजावलं: एकेकट्यानं यायचं, बोलायचं नाही, हसायचं नाही, कुणाला कळू द्यायचं नाही. लोक इतके गुणी निघाले की काय सांगू! खाली मान घालून, भिंतीकडेनं, एकेक करून आत शिरले. चपला मात्र दारात काढल्या. आमच्या घरात देव आहेत, चपला आत कशा येतील?

राहिले आबा, माझे आजोबा. नव्वदीला टेकलेले, कानांनी जवळपास बंद, पण आवाज अजून असा की घाटावरून हाक मारली तर पलीकडच्या वाळूत ऐकू जावी. त्यांची मी दुपारभर तालीम घेतली. कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, दिवा लागला की ओरडायचं, सरप्राइज!"

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे धक्का!"

"वाढदिवसाला धक्का? बरं." आणि जप करावा तसे ते 'सरप्राइज, सरप्राइज' पुटपुटत बसले. डोक्यावर मी त्यांना चमचमती त्रिकोणी टोपी घातली. संध्याकाळी त्यांना पेंग यायला लागली, म्हणून मधल्या खोलीत दिवाणावर आडवं केलं. डास फार, म्हणून पांढरी चादर घातली. डोक्यापर्यंत.

थांबा, अजून हसू नका.

दिवे घालवले. दार नुसतं लोटून ठेवलं. आत आम्ही सगळे भिंतीला टेकून गप्प. तेवढ्यात रेवाला हसू फुटलं. तिनं तोंडात ओढणी कोंबली, तर 'हुं... हुं...' असा आवाज यायला लागला. आत्या तिच्या पाठीवर हात फिरवत कुजबुजली, "आवर, आवर स्वतःला."

आणि दार किलकिलं झालं. बघते तर समोरचे पांडेचाचा. गल्लीत कुणाचं काहीही असो, मुंज असो की मुतखडा, पहिले धावणार ते पांडेचाचा. त्यांनी दारातल्या चपला बघितल्या. अंधार बघितला. रेवाचं हुं हुं ऐकलं. आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "बिटिया... बाबूजी?"

बाबूजी म्हणजे आबा. आमची सगळी गल्ली त्यांना बाबूजी म्हणते. मला वाटलं, चाचांना बेताची कुणकुण लागलीय आणि पार्टीत आबा दिसले नाहीत म्हणून विचारताहेत.

मी ओठांवर बोट ठेवलं. "बीचवाले कमरे में लिटा दिया है."

चाचांनी डोळे मिटले. "कब...?"

"बस, अभी. सब लोग आ गए हैं. चाचा, पापा को कुछ मत बताइएगा, प्लीज. बस जल्दी घर भेज दीजिए."

चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम चिंता मत करो. सब हम देख लेंगे."

खरं सांगते, मला भरून आलं. शेजाऱ्याच्या वाढदिवसाला एवढं हळवं होणारा माणूस आजच्या काळात कुठे मिळतो? मी मनात म्हटलं, हे वाक्य वर्गात सांगायचं.

पुढे घाटावर काय झालं ते मला नंतर कळलं. पांडेचाचा बाबांजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाई साहब, घर चलिए."

"क्यों, क्या हुआ?"

"कुछ नहीं हुआ. आप बस हिम्मत रखिए."

आता जोशीकाकांना बेत माहीत होता ना! मग त्यांनी सांभाळून घ्यायचं की नाही? पण काका पडले हौशी नाटकवाले. त्यांना वाटलं, वा, मिनूनं पांडेजींनाही भूमिका दिली! आपण कसे मागे राहू? त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि बाबांच्या गळ्यात पडून हुंदका दिला. "चला हो... घरी सगळे वाट बघताहेत."

बाबा भिंत धरत धरत घराकडे निघाले.

इकडे आम्ही अंधारात. वेळ होत चाललेली, बाबांचा पत्ता नाही. आणि मी कशी, ते तुम्हाला सांगितलंच आहे. डोक्यात नको नको ते यायला लागलं. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. जोशीकाका गप्पांत रंगले की आजूबाजूला बघत नाहीत. सायंआरतीला गर्दी किती! मी खिडकीच्या फटीला डोळा लावला.

आणि माझं रक्तच गोठलं.

गल्लीच्या वळणावरून माणसं येत होती. खांद्यावर हिरवे, ताजे कापलेले बांबू. एकाच्या काखेत कोरं पांढरं कापड. एकाच्या हातात मडकं. पांडेचाचा कुणाला तरी सांगत होते, "टिकठी यहीं दरवाज़े पर बाँध लेंगे." टिकठी म्हणजे तिरडी! त्यांच्यामागे जोशीकाका, रुमालात तोंड खुपसून रडणारे. आणि बाबा? बाबा कुठेच नाहीत!

ते सगळ्यांच्या मागे, भिंतीला धरून येत होते. मला ते कसे दिसणार?

"बाबाऽऽऽ!"

अशी किंचाळले मी, अशी किंचाळले, की देवघरातली घंटी हलली म्हणतात. त्याच क्षणी दार ढकललं गेलं. रेवाला मी सांगून ठेवलं होतं, 'मी आवाज दिला की मेनचं बटण दाब.' तिनं दाबलं. सगळ्या घरात लख्ख उजेड!

कुणीही ओरडलं नाही. कोण ओरडणार? इकडे फुगे घेतलेली माणसं, तिकडे बांबू घेतलेली माणसं, मध्ये जमिनीवर बसलेली मी. सगळे एकमेकांकडे बघताहेत.

फक्त एका माणसाला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं, दिवा लागला.

मधल्या खोलीतली पांढरी चादर हलली. हळूच वर झाली. त्यातून चमचमती त्रिकोणी टोपी बाहेर आली. आबा ताठ उठून बसले, दोन्ही हात वर केले आणि आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात गरजले,

"सरप्राइऽऽऽज!"

मडकं फुटलं. बांबू पडले. पांडेचाचा 'हे महादेव!' म्हणून जे मागे उडाले ते थेट चपलांच्या ढिगात. बाकीचे तर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन मग वळून बघत होते.

आणि बाबा उंबऱ्यातच उभे. आबांकडे बघताहेत, बघताहेत. मग धावले आणि आबांच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखे रडायला लागले. मी बाबांना असं कधीच बघितलं नव्हतं.

आबा त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "अरे, वाढदिवसाला इतकं रडतात का? मिनू, तुझ्या धड्यात हे पण आहे का गं?"

"आहे, आबा," मी जमिनीवरूनच म्हटलं. "तिकडे पण रडतो तो."

आई उठली. घरातले होते नव्हते तेवढे दिवे लावले, देवासमोरची समईसुद्धा. बाबांचं औक्षण केलं. मग आबांचंही केलं. मग थोडा विचार करून पांडेचाचांचंही केलं, कारण ते अजून थरथरत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता आण घरात पुढचा धडा!"

चाचा शरमेनं चूर. "बाबूजी, माफ़ कीजिए. हम ये सब हटवा देते हैं."

कुणीतरी ते आबांच्या कानात ओरडून सांगितलं. आबांनी बांबूंकडे नजर टाकली. "हटवता कशाला? माझ्यासाठीच आणलंत ना? लांबीला पुरतील की नाही, तेवढं बघून घेऊ द्या."

ते बांबू आता आमच्या गच्चीवर आहेत. आबांनी त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवलाय. म्हणतात, लागतील तेव्हा काढून घ्या, तोवर भाजी खा.

पण तेवढ्यावर कसं भागणार? पांडेचाचांनी वाटेतच चार ठिकाणी कळवून टाकलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुण्याहून, इंदूरहून फोन सुरू झाले. आबा हट्टानं प्रत्येक फोन स्वतः घ्यायचे. ऐकू काही यायचं नाही, पण उत्तर ठरलेलं. "हो हो, मीच बोलतोय. नाही, अजून नाही. झालं की कळवतो."

वर्गात मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. एकदाही न अडखळता! मॅडम बराच वेळ डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, धड्यात एक ओळ होती ना, की पाहुण्यांनी आपापल्या गाड्या दूरच्या गल्लीत उभ्या केल्या, म्हणजे कुणाला संशय येऊ नये. ती कशी विसरलीस?

विसरले नव्हते हो! आमच्याकडे कोण गाडीतून येणार, म्हणून सोडून दिली होती. आता त्या लोकांनी बुटांचंही लिहायला नको होतं? पण ते पडले बूट घालून दिवाणखान्यात बसणारे! दारात चपलांचा ढीग, आत अंधार आणि कुणीतरी हुंदके देतंय, याचा काशीत काय अर्थ होतो ते त्यांना कुठून ठाऊक?

आणि बाबा? बाबांना आता खिडकीत बसायला वेळ नाही. रोज घाटावर जातात, ही गोष्ट सांगतात. जोशीकाकांचा हुंदकासुद्धा करून दाखवतात. माझी किंचाळी करताना तर असे लाल होतात की लोक नावा थांबवून ऐकतात.

गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला. क्लासहून घरी आले, तर प्रत्येक खिडकीत दिवा. दार सताड उघडं. बाहेर एकही चप्पल नाही. आणि दारावर बाबांच्या बँकेतल्या सुबक अक्षरात मोठी पाटी: 'आत सरप्राइज आहे. सगळे जिवंत आहेत.'

मी पाटी वाचली. पुन्हा वाचली. नीट समजून घेतली. दीर्घ श्वास घेतला, मनाची तयारी केली आणि आत पाऊल टाकलं.

"सरप्राइज!"

माझी किंचाळी ऐकून पांडेचाचा समोरून धावत आले. या वेळी हातात बांबू नव्हता, एवढंच.