चाळीस माणसं आणि एक पावणा

दिलीप गेल्याचं मला फोनवर कळलं, आणि मी त्याच्या घरी पोचेपर्यंत आमच्या मंडळाच्या पोरांनी फ्लेक्ससुद्धा लावला होता: ‘माणसं जोडणारा माणूस’. दीड महिना झाला, तो फ्लेक्स अजून कोपऱ्यावर आहे आणि बघितला की माझं डोकं फिरतं. जोडली म्हणे! अरे, तो कुठली माणसं जोडा म्हणत होता, आणि आम्ही गाढवांनी काय केलं...

दिलीप फौंड्रीत ओतकामासाठी लाकडाचे नमुने करायचा. सत्त्याण्णव साली कंपनीनं त्याला तीन महिने डेन्मार्कला पाठवलं. एकदा तिथला जोडीदार कामावरून रक्त द्यायला निघाला, तर यानं विचारलं, घरात कोण आजारी आहे? कुणी नाही. मग कुणासाठी देतोस? लागेल त्याच्यासाठी. आपलं इंग्रजी चुकतंय असं वाटून दिलीपनं तीनदा विचारलं म्हणे, ‘पण पेशंट कोण?’ हे ऐकून आम्ही चहाच्या गाड्यावर पोट धरून हसलो होतो. मी म्हटलं, ‘म्हणजे ते मोठ्या मनाचे आणि आम्ही कोते, असंच न्हवं?’ तो भडकलाच. ‘मनाचं काय घिऊन बसलाईस? तिथं शेजारी शेजाऱ्याला जेवाय बलवत न्हाय. पण दवाखान्यात, कचेरीत कुणाची चिठ्ठी लागत न्हाय, अनोळख्याचा बी नंबर रांगंनंच येतोय. म्हणून त्यो बी अनोळख्यासाठी हात पुढं करतोय. हितं वळकीबिगर तुला कोण इचारतंय? मग आपण आपली गल्ली घट्ट धरून बसायचं, आन् भायरचा मेला तरी...’ त्यानंतर तो दर तीन महिन्यांनी एकटाच जाऊन रक्त देऊन यायचा. आम्ही त्याला ‘डेन्मार्क’ म्हणून हाक मारायचो. आमचा शहाणपणा तेवढाच.

यंदा त्याच्या पोटात रक्तस्राव सुरू झाला आणि त्याला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मंडळाची चाळीस माणसं धावली. वॉचमन बाजूला झाला, पायरीवर बसायला जागा उरली नाही. दोघातिघांच्या रक्तावर त्याचं काम भागलं. त्याच व्हरांड्यात शिरोळकडचा एक माणूस हातात चिठ्ठी घेऊन उभा होता. बायको बाळंतपणात खूप रक्त जाऊन पडलेली, रक्तपेढीवाले म्हणत होते, रक्त देणारं माणूस आणा, आणि त्या बिचाऱ्याचं कोल्हापुरात ओळखीचं कोणी नव्हतं. दिलीपनं खाटेवरूनच त्याच्याकडून सगळं काढून घेतलं आणि मला बोलावलं. आमचे सगळ्यांचे रक्तगट त्याला पाठ होते. ‘तुझा आन् तिचा गट एकच हाय. जा, दे. पोरास्नी बी सांग.’

‘व्हय, देतो की,’ मी म्हटलं. बाहेर येऊन पोरांना सांगितलं. एकानं विचारलं, ‘कुणाचं पावणं?’ कुणालाच माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, ‘आन् दिलप्याला परत लागलं तर?’ आणि मला, लाज वाटते लिहायला, ते पटलं. आम्ही चाळीसजण मिसळ खायला गेलो. परत आलो तर ती बाई गेली होती, व्हरांड्यात रडारड चालली होती. दिलीपनं विचारलं, ‘दिलंस?’ मी म्हटलं, ‘दिलं.’ त्यानं माझा हात धरला, शर्टाची बाही वर सारली, मग दुसऱ्या हाताची सारली. सुईची खूण नव्हती. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि गेला तोवर, दोन दिवस, माझ्याशी बोलला नाही.

शोकसभेत मंडळाच्या हॉलमध्ये पाच भाषणं झाली, सगळ्यांत तेच, माणसं जोडली, माणसं जोडली. उठून एकेकाची गचांडी धरावी असं वाटत होतं, पण माझीच कुणी धरायची? मी बाहेर आलो. दारात, चपलांच्या ढिगाजवळ, तो शिरोळचा माणूस उभा होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

‘आत चला की पावणं,’ मी म्हटलं.

‘नगं, हितंच बरं हाय. त्यांनी माझ्या बायकूसाठी कुणापाशी तरी शब्द टाकलता. त्या माणसाला जमलं नसंल... पण टाकलता न्हवं? म्हणून आलो.’ मग माझ्याकडं बघून म्हणाला, ‘तुमी त्यांचं कोण?’

मित्र म्हणायला माझी जीभ रेटेना.

‘ज्याच्यापाशी शब्द टाकलता,’ मी म्हटलं, ‘त्यो.’