उजेड भरपूर

आमचे शेजारी कुठल्याही गोष्टीला आधी "पळोवया मरे" म्हणतात. चहा घेणार का विचारलं तरी पळोवया, म्हणजे बघूया. रोलच्या कॅमेऱ्यासाठी स्वस्तातला लाइट मीटर घ्यायला आम्ही डिचोलीच्या स्टुडिओत गेलो. मालकाने दोन समोर ठेवले, एक सेलवाला आणि एक जुना, बिनसेलचा, नुसत्या उजेडावर चालणारा. जुना बराच स्वस्त होता. "पळोवया मरे," म्हणत शेजारी तो घेऊन थेट बाजारात शिरले आणि मासळीवालीच्या तोंडासमोर धरला.

"ह्यां काय धरलंस रे माज्या तोंडार?"

"उजेड मोजतंय, बाय."

"मगे, किती भरलो?"

काटा भर उन्हातही ढिम्म होता. "भरपूर," ते म्हणाले.

ती अशी काही लाजली की बाजूची भाजीवाली पुढे सरकली, मग पाववाला पोदेर सायकल उभी करून आला. सगळ्यांचा भरपूर. हसून हसून मी भिंतीला टेकलो.

स्टुडिओत परत येऊन त्यांनी सेलवाला घेतला आणि तो बंद पडलेलाही मागून घेतला. "हो फोटोंक, हो बाजाराक," एकेक मीटर दाखवत ते म्हणाले.

मग तो बंद मीटर त्यांनी माझ्याकडे वळवला. काट्याचं मला ठाऊक होतं. तरी मी केस सारखे केले.