पिकअपची काढलेली सीट

अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येतो आणि दारातल्या जुन्या सीटवर अंग टाकतो. उन्हानं तापलेल्या रेक्झिनचा वास येतो आणि हरसूलच्या गॅरेजातली ती दुपार आठवते.

आमची जुनी पिकअप टोमॅटो भरले की घाटात धापा टाकायची. इंजिनकाम परवडणारं नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, “मग गाडीचं वजन कमी करा.” अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लोखंडी कॅरियर काढला, जड बंपर काढला आणि शेवटी ड्रायव्हरशेजारची सीटही काढली.

त्या सीटवर बसून रोज बाजाराला जाणारी आई म्हणाली, “बरं झालं. तशीबी मला घाटात लय भीती वाटायची.”

दुसऱ्या दिवसापासून ती एसटीत उभ्यानं जाऊ लागली. गाडी जरा बरी चढते म्हणून आम्ही खूश.

भीती कसली? घाटातच तर ती डोळे मिटून झोपायची. दिवसभरात तिची पाठ टेकायची ती तेवढीच.