पैलवानाचा उपास

कुत्र्याच्या कातडीबद्दल आमच्या घरमालकांइतका हळवा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. मी उरवड्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, भरे गावात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, आणि सहसा पैज लावत नाही.

कुत्र्याचं नाव पैलवान. पिल्लू असताना त्याच्या बरगड्या दिसायच्या, म्हणून मालकीणबाईंनी ते ठेवलं होतं. त्या वारल्या आणि पैलवान मागे राहिला. पुढे त्याला खाज सुटली. पोटाचे केस गेले, कानांना खपल्या धरल्या. मालकांचा नियम असा, की कुठलंही औषध आधी स्वतःवर. कडुलिंबाच्या पाण्याने आधी त्यांची आंघोळ, मग पैलवानाची. करंजाचं तेल पोटऱ्यांना चोळून ते दिवसभर गावात वास पसरवत हिंडले आणि मग त्याला लावलं. त्याने ते चाटून अंगणभर ओकाऱ्या काढल्या. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कर्णा आणला, तर तोही आधी यांच्याच गळ्यात. “पाव्हणं, यात बाजूचं काईच दिसत न्हाई की!” म्हणत ते चौकटीवर आदळले, आणि संध्याकाळपर्यंत त्याऐवजी गळ्यात बांधायची जुन्या गोधडीची मऊ पट्टी शिवून तयार होती.

एवढ्यात मालकांची सून माहेरी बाळंत झाली. मुलाने सांगून टाकलं, “आबा, घरभर खपल्या पडत्यात. बारकं यायच्या आत बरं झालं तर ठीक, न्हाईतर मी याला कंपनीतल्या वॉचमनला देऊन टाकणार.” मालक रात्री जेवले नाहीत.

सकाळी ते पैलवानाला रिक्षात घालून पिरंगुटला निघाले, मलाही बरोबर घेतलं. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही खरूज नाही, बाळाला लागणार नाही. खाण्यातली ॲलर्जी वाटते. आठ आठवडे त्याने कधीच न खाल्लेलं द्या, म्हणजे मासा आणि भात. बाकी काहीही तोंडाला लावायचं नाही.

त्या घरात मासा कधी शिजला नव्हता. मालक नाकाला उपरणं बांधून स्वतः शिजवू लागले. आणि गल्लीत दारोदार जाऊन सांगून आले, “आमच्या पैलवानाचा उपास हाय. कुणी भाकरी टाकायची न्हाई.”

“कुठल्या देवाचा वं?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“डाक्टरीणबाईचा!”

गल्लीने तो उपास मनापासून पाळला. महिना झाला तरी खाज होतीच. बेरीज जुळत नाही तेव्हा कुठला तरी आकडा सुटलेला असतो, एवढं मला धंद्यामुळे कळतं. एका रविवारी भल्या सकाळी मी खाली उतरलो, तर मालक ओट्यावर चहा पीत होते. त्यांनी बिस्कीट बशीत बुडवलं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं पैलवानाच्या तोंडात दिलं.

“काका, आणि उपास?”

“चहाच दिला की त्याला,” ते खरोखर गोंधळले. “चहानं उपास मोडतोय व्हय कुटं?” मग बिस्किटाकडे बघत हळूच म्हणाले, “ती होती तवा तिनं लावलेली सवय हाय. सकाळचं तेवढं.”

मी समजावून सांगितलं. त्यांनी बिस्किटांचा डबा उचलून माझ्या हातात दिला. “वर न्या. मला दिसाया नको.”

पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली. खाज हळूहळू ओसरली, पोटावर काळी लव आली. डॉक्टरीणबाईंनी मग एकेक पदार्थ परत देऊन बघायला सांगितला. भाकरी चालली, अंडं चाललं. बिस्कीट दिलं आणि कान पुन्हा लाल झाले. तिथे प्रश्न मिटला. सून बाळाला घेऊन आली तेव्हा पैलवान थेट पाळण्याखाली जाऊन पसरला. मुलाने खाली वाकून त्याचं पोट तपासलं आणि नुसतं म्हणाला, “जरा सरक की.”

मालक अजूनही सकाळी ओट्यावर चहा घेतात. मी एकदा त्यांचा डबा परत घेऊन गेलो, म्हटलं, तुम्ही तरी खा.

“नगं. तिचं ऱ्हायलं, याचं ऱ्हायलं. मी एकटाच काय खाऊ?”

पैलवान आला, त्यांची रिकामी बोटं हुंगली, चाटली. “न्हाई रं,” ते म्हणाले, आणि हात तसाच त्याच्या तोंडापुढे राहू दिला.