सतराचा पाना

आटे पाडताना दाविदभाई डोळे मिटायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माणूस उभ्या उभ्या झोपला. मी तेव्हा नवापूरच्या बाजूला एका पोल्ट्रीवर राखणीला होतो. खाद्य ओढायच्या मोटरचा बोल्ट भोकातच फिरत होता, म्हणून मालकाने त्याला बोलावलं. त्याने भोक मोठं केलं, त्यात टॅप लावला आणि डोळे मिटून दांडा फिरवायला लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. टॅप म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी, तिच्या अंगावर धारेचे आटे असतात. ती भोकात फिरवली की लोखंडात बोल्टसाठी आटे पडतात. मी विचारलं, डोळे का मिटतोस? त्याला ऐकू गेलं नाही. मग मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो.

तो म्हणाला, "डोळा घाई करस, नाना. हात करत नही."

सुरतेला वीस वर्षं त्याने कापडाच्या मागांवर फिटर म्हणून काढली. कान तिकडेच गेले. पुढे गावी परत आला आणि हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. डोंगराकडचा ख्रिस्ती माणूस, घरी त्यांची आदिवासी कोकणी बोलायचे, आमच्याशी अहिराणी, आणि मध्येच गुजराती घुसायची. स्वतःला ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलणारे पुष्कळ बघितले. हा उलटा होता, इतका हळू बोलायचा की आपणच बहिरे झालो असं वाटावं. मशीन बिघडलं की लोक त्याला आवाज कसा येतो ते सांगायचे. तो म्हणायचा, "आवाज नको सांगू, हात लाव." मोटर चालू करून मालकाचा तळहात तिच्यावर ठेवायचा आणि स्वतःचा हात त्याच्यावर. बेअरिंग गेलंय की पाया हलतोय, ते असं कळायचं त्याला. माझ्या मालकाला हे आवडायचं नाही. दाविदभाईला त्याचं काही नव्हतं.

त्याची खरी ओळख झाली ती कमलच्या पायामुळे. कमल माझी बायको. साखरेने तिच्या पायाला जखम झाली ती भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक दिवसाआड ड्रेसिंग झालं नाही तर पाय कापावा लागेल. दवाखाना चिंचपाड्याला, आमचं गाव आतल्या रस्त्याला, मध्ये दोन चढ. गावातली पोरं मोटरसायकलवर न्यायला तयार होती, पण ती परक्या माणसाच्या मागे बसायची नाही. मला मोटरसायकल येत नाही. जन्मभर सायकल चालवली, आता दोघांना घेऊन चढ चढायची ताकद गुडघ्यात नव्हती. रिक्षा मिळाली तर मिळाली. दाविदभाईला हे कळलं आणि तो म्हणाला, सायकल घेऊन ये. तिला बसवायला भंगारात जुन्या मोपेडचं इंजिन त्याने आधीच बघून ठेवलं होतं.

सायकलच्या सांगाड्याला त्याने जाड लोखंडी प्लेट वेल्ड केली. प्लेटमध्ये चार भोकं, चार बोल्टवर इंजिन बसणार. तीन भोकांना त्याने आटे पाडले आणि चौथ्याला माझ्या हातात टॅप दिला. हा त्याचा नियम होता. ज्याच्यावर माणूस बसणार अशी कुठलीही वस्तू असो, झोपाळा असो नाहीतर ट्रॉली, एका भोकाचे आटे मालकालाच पाडायला लावायचा. त्याशिवाय वस्तू शेडमधून जायची नाही. लोक हसायचे, काही चिडायचे. तो म्हणायचा, "जो बसस, त्यान्हा हातना एक तरी आटा पाहिजे."

मला दाखवून दिलं त्याने. भोकात शेंगदाण्याचं तेल सोडायचं, टॅप सरळ धरायचा. "आर्धा फेरा पुढे, पाव फेरा मांगे. लोखंडले बी दम खाऊ दे." मागे फिरवला की आतला कीस तुटतो आणि टॅप मोकळा होतो. सोपं काम. पण त्या दिवशी दुपारी कमलचं ड्रेसिंग होतं आणि माझ्या डोक्यात दवाखान्याची वेळ. चार-पाच फेरे मी नीट केले. मग मागे फिरवायचं सोडून दिलं. टॅप जड झाला, मी जोर लावला. कट् करून मोडला. अर्धा तुकडा भोकात.

टॅपचं पोलाद इतकं कडक असतं की त्याला ड्रिल लागत नाही. मी त्याच्या कानाशी ओरडलो, ही प्लेट कापून टाक, दुसरी लाव. नाहीतर तूच पाड आटे, मला जाऊ दे. त्याने माझ्याकडे बघून नकाराची मान हलवली. बारीक पंच हातोडीने ठोकत त्या तुकड्याचा चुरा करत बसला. त्या दिवशी काम झालं नाही आणि रिक्षाही मिळाली नाही. ड्रेसिंग चुकलं. घरी कमलने जखमेची पट्टी सोडली, बघितली, परत बांधली. रात्रभर मी दाविदभाईलाच शिव्या देत पडलो होतो, चूक माझी असून.

दुसऱ्या दिवशी गेलो तर तुकडा निघाला होता, पण भोक खराब झालं होतं. मग ते मोठं करावं लागलं. तीन बोल्ट आठ एमएमचे, त्यांना तेराचा पाना लागतो. चौथा दहाचा झाला, त्याला सतराचा. इंजिनच्या पायाचं भोकही त्याने कानशीने वाढवलं. आणि टॅप परत माझ्याच हातात. म्हणाला, "आते डोळा मीट." मिटले. अर्धा पुढे, पाव मागे. तेल बोटांवर येत होतं. काम संपल्यावर त्याने दोन पाने माझ्यासमोर ठेवले. "तुन्ही चूक शे, नाना. आते कायम दोन पाना संगे ठेव. बसाना आधी चारी बोल्ट देखाना."

पहिल्या फेरीला कमलला घेऊन मुद्दाम त्याच्या शेडवर गेलो. ती मागे बसलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाईल आणि दोन पाने. टॅपची गोष्ट तिला त्यानेच सांगितली, मी लपवली होती.

ती म्हणाली, "यास्ले जेवाले बी घाई, दाविदभाऊ. ठसका लागस तरी थांबतस नही."

त्याला ऐकू आलं नसेल, पण तोंडाकडे बघून कळलं असेल. खूप हसला. तिला तो बेन म्हणायचा, गुजरातीतली बहीण. पुढे कधीही गेलो की मला सोडून आधी बेनचा पाय विचारायचा.

पाय वाचला. सात-आठ महिने लागले, पण जखम भरली. नंतर तेराचा पाना मी सीटखाली बांधला, सतराचा तिच्या पिशवीतच राहिला. जायच्या आधी मी हात पुढे करायचो आणि ती पाना काढून द्यायची. मागच्या वर्षी ती गेली. छातीत कळ आली, सकाळपर्यंत संपलं. दोन्ही पायांनिशी गेली, एवढंच म्हणतो मी. लोक म्हणतात चांगलं मरण आलं. त्यांना म्हणायला काय जातं.

दाविदभाई तिसऱ्या दिवशी आला. लोक बोलत होते ते त्याला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे त्या घरात तोच एक मला सहन झाला. बराच वेळ बसला, मग उठून अंगणात सायकलपाशी गेला. तेराच्या पान्याने तीन बोल्ट बघितले आणि सतरासाठी माझ्याकडे हात केला. मी खुंटीवरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. मला उठवेना. त्याने हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "जव्हय हात जाई, तव्हय जाई."

तो हात माझा गेलाच नाही. पिशवी खुंटीवर, सायकल भिंतीला. बाजारात पायी जायचो नाहीतर जायचोच नाही. त्याच्या शेडवर एकदाही गेलो नाही. तो निरोप पाठवायचा, मी येतो म्हणून सांगायचो. आता गेल्या आठवड्यात पोल्ट्रीच्या टेम्पोवाल्याने सांगितलं, दाविदभाई गेला, दुपारी माती आहे. टेम्पो उलट्या दिशेला चालला होता.

सायकल बाहेर काढली. टाकीत जुनं पेट्रोल होतं, नवं आणून टाकलं. तेराच्या पान्याने तीन बोल्ट बघितले, घट्ट होते. ते त्याच्या हातचे. चौथ्यापाशी थांबलो. बसाना आधी चारी बोल्ट देखाना. तीन बघून त्या माणसाच्या मातीला जायचं, हे मला जमेना.

पिशवी खाली घेतली. फाईल होती, तिची फणी होती, आणि पाना एका फडक्यात गुंडाळलेला. फडक्याला शेंगदाण्याच्या तेलाचा खवट वास येत होता. पान्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. ती त्याला तेल लावून ठेवायची, हे मला कधी माहीतच नव्हतं. मी नुसता हात पुढे करायचो.

पाना बोल्टला लावला आणि डोळे मिटले. बोल्ट ढिला होता. पाव फेरा घेतला आणि बसला. आणखी जोर लावला नाही.

पिशवी परत खुंटीला लावली नाही. हँडलला अडकवली आणि पायडल मारलं.