बहिरा डीजे

माझा धाकटा दीर संतोष गेला, ते मला शाळेत कळलं. चौथीच्या मुलांना गणितं घालून खिडकीशी उभी होते, तेवढ्यात यांचा फोन आला. हे एवढंच म्हणाले, "घरी ये. संत्या गेला." जेवण करून अंगणातल्या शेडमध्ये वायरी गुंडाळता गुंडाळता तो खाली बसला आणि तिथेच कलंडला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी कामरगावच्या आमच्या घरापुढे मांडव टाकला होता. तिथे रिसोडकडून आलेल्या एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जास्त पेत होते काय जी?" मी नाही म्हणाले. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली, म्हणजे त्यांना ते पटलं नव्हतं. माझी मान खाली गेली... आणि ती खाली गेली याचा मला रागही आला. संतोष आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. तरी त्याच्या नावाला दारू चिकटली, आणि ती त्याने स्वतःच चिकटू दिली. ते कसं, हे आता सांगितलंच पाहिजे.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. बिघडलेले टेप खोलून बसायचा. पुढे कारंज्याला एका साउंडवाल्याकडे राहिला, जुना कम्प्युटर घेतला आणि मिक्स बनवायला लागला. आमच्याकडे त्याला संदल म्हणतात. दर्ग्याच्या संदलच्या मिरवणुकीतला ढोलांचा ठेका घ्यायचा, कम्प्युटरवर त्याची गती इतकी वाढवायची की नाचणाऱ्याला पाय टेकायची फुरसत मिळू नये, मधेमधे भोंगा आणि सायरन टाकायचे, आणि वर गाणं ज्याचं त्याचं. जयंतीच्या रॅलीत भीमगीत, गणपतीत आरती, हळदीत हळदीचं. गाणी बदलत, ठेका तोच. दर्ग्यातून निघालेला ठेका विहारापुढेही नाचतो आणि मारुतीच्या पारापुढेही, याचं त्याला फार कौतुक होतं.

प्रत्येक डीजे आपल्या मिक्समध्ये मधूनमधून स्वतःच्या नावाचा पुकारा टाकतो. संतोषने त्यासाठी मला धरलं. "सारे पोट्टे घोगऱ्या आवाजात विंग्रजी वराडतात, वयनी. मले घरातला आवाज पाह्यजे." मी पोळ्या लाटत होते. त्याने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला आणि मला ओरडायला लावलं, "ए, आयका आयका, कामरगाववाला आला!" त्या वर्षीपासून शिरपूरपासून मानोऱ्यापर्यंत जिथे त्याची गाडी जाईल तिथे माझा आवाज जाऊ लागला. वर्गातली मुलं माझ्या पाठीमागे "आयका आयका" करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटायचं.

त्याचे कान कधी गेले, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. स्पीकरच्या भिंतीएवढ्या बॉक्सच्या मागे वर्षानुवर्षं उभा राहणारा माणूस, आवाज चढवून बोलतो यात नवल कसलं? हाक मारली तरी ओ देत नाही, तर लोक म्हणायचे, "नाव झालं, आता भाव खाते." घरातही आम्ही हसण्यावारी न्यायचो. मिक्स करताना तो बॉक्सच्या जाळीवर तळहात ठेवायचा. मला वाटायचं, ही त्याची ऐट आहे. तो हाताने ऐकत होता.

मग केनवडची ती वरात आली. कामरगावहून केनवड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, तिथून बोलावणं येणं हा त्याच्यासाठी मान होता. भर दुपारी वरात निघाली. वाटेतल्या एका घरी त्याच सकाळी तरणाताठा मुलगा आजाराने गेला होता, मयत दारात होती. अशा घरापुढे वाजवायचं नाही, हे आपल्याकडे लहान पोराला कळतं. मयतीच्या घरचे आडवे आले, हात हलवले, ड्रायव्हरने गाडी थांबवली. संतोष मागे लॅपटॉपमध्ये मान घालून होता. गाडी थांबली म्हणजे पोरांना जागेवर नाचायचं आहे, असं समजून त्याने आवाज वाढवला. लोक ओरडत होते, "बंद कर, बंद कर!" त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. शेवटी चारपाच जण वर चढले, वायरी उपसल्या आणि त्याला खाली ओढून मारलं. कुणीतरी म्हणालं, "लय पेलेला आहे साला." ते त्याला ओठांवरून कळलं, पण त्याने ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटका शर्ट घालून तो नळापाशी बसला होता. पिऊन मार खाल्ला, ही बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. मी मागून विचारलं, खरं काय झालं? तो तोंडावर पाणी मारत राहिला. मला संताप आला, आणि हातातली पितळी गुंडी सुटून फरशीवर आदळली. शेजारची कुत्री भुंकायला लागली. संतोषची पाठ हललीसुद्धा नाही... मी समोर जाऊन उभी राहिले. मला कळलं आहे, हे माझ्या तोंडाकडे बघून त्याला समजलं.

"वयनी, दादाले सांगू नका," तो म्हणाला.

"अवो, पण लोक दारुडा म्हणून राह्यले तुमाले!"

"म्हणू द्या. पेणाऱ्याले लोक पुन्हा बलावतात. बहिऱ्या डीजेले कोन बलावते?"

मी कुणालाच सांगितलं नाही. त्याची लाज मग माझीही झाली.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. एके दिवशी त्याची मुलगी पिहू शेडमध्ये त्याच्या पाठीमागे स्टुलावरून पडली. हात मोडला होता. ती किंचाळत होती आणि तो पाठमोरा मिक्स जुळवत बसला होता. मी घरातून धावत गेले तेव्हा त्याला कळलं. त्या संध्याकाळी तिचा प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन तो बसला होता. मग म्हणाला, "वयनी, माह्यासंगं केनवडले येता काय?"

केनवडला त्या मेलेल्या मुलाची आई कौसाबाई ओसरीवर तूर निवडत होती. संतोष पायरीशी उभा राहिला आणि नेहमीसारखा मोठ्याने बोलला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आई, त्या दिशी वरातीत म्याच वाजवत होतो. म्या पेलेलो नव्हतो. मले आयकूच येत नाई."

तिने सूप खाली ठेवलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "माह्यं लेकरू दारात होतं. मी रडून राह्यली होती, अन् माह्यं रडणं मलेच आयकू येत नव्हतं बाप्पा. अन् वरून ते बाई... आयका आयका म्हनून कोकलत होती."

संतोष माझ्याकडे वळला. "काय म्हणते?"

मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "लय तरास झाला म्हणते."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "वयनी, इतकी लांब गोष्ट तुमी इवलीशी काहून सांगता?"

कौसाबाई उठली. तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं, तोंड त्याच्या कानाला लावलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द. या वेळी तिला ओरडावं लागलं. शेजारच्या बाया दारात आल्या. आपलं दुःख तिला असं गल्लीभर ओरडून सांगावं लागलं, तेही दुसऱ्यांदा आमच्यापायी. संतोष लहान मुलासारखा रडत होता. मी म्हणाले, "ते बाई मीच होय, आई."

ती आत गेली, दोन गिलास पाणी आणून पुढे ठेवलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही आणि आम्ही माफी मागितलीही नाही. निघताना एवढंच म्हणाली, "मशीन लाव कानाले. डोळ्याले चश्मा लावते माणूस, त्याची कोनाले लाज?"

त्याने मशीन घेतलं. माझा पुकारा सगळ्या मिक्समधून काढून टाकला. वरातीच्या दिवशी सकाळीच जाऊन पूर्ण वाट पायी चालायचा. कुणाकडे आजारी आहे, कुणाकडे मयत झाली आहे, दारोदारी विचारायचा. वाजवताना तोंड गर्दीकडे ठेवायचा. पोरं "बहिरा डीजे" म्हणून चिडवायची. लग्नाचं काम निम्म्यावर आलं, ते पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. जयंतीवाल्यांनी मात्र त्याला सोडलं नाही. तो सगळ्यांना सांगायचा, "होय, बहिरा आहो." केनवडच्या त्या गल्लीबाहेर, रिसोडकडे मात्र ती बातमी पोचली नाही. वाईट नाव गाडीने जातं, खरं पायी निघतं आणि वाटेत बसून राहतं.

आता शेड बंद आहे. मशीन लावलं तरी मागून बोललेलं त्याला नीट समजत नसे. म्हणून आमच्या घरात कुणीच कुणाला लांबून हाक मारत नाही. समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, माणसाने आपल्याकडे बघितलं की मग बोलायचं. तो गेला, पण आमची ती सवय गेलेली नाही. काल मी भाजी चिरत होते. पिहू आली, माझ्या कोपराला हात लावून उभी राहिली. मी वर बघेपर्यंत थांबली. मग, माझ्या डोळ्यांत बघत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मोठी आई... मले... भूक लागली."