आत्याच्या हातचे नाकतोडे

पेरेपेत्वाला आमच्या मसाका गावच्या बाजारात सगळे नालोंगो म्हणतात, म्हणजे जुळ्यांची आई. माझा सुक्या मासळीचा गाळा तिच्या केळ्यांच्या घडांना लागूनच, त्यामुळे तिचा आवाज मला रोज फुकटात ऐकावा लागतो. हंगामात सगळं गाव नाकतोडे तळून मिटक्या मारतं, ही मात्र नाक दाबून बसते. तिचं कूळच नाकतोड्याचं. आपलं देवक कोण तोंडात घालेल?

गेल्या पावसाळ्यात तिला फोनवरून लुबाडलं. ‘कंपनीतून बोलतोय, तुमचा नंबर बंद पडेल,’ असं सांगत कुणीतरी तिच्याकडून गुप्त आकडे काढून घेतले आणि फोनच्या खात्यातले केळ्यांचे सगळे पैसे गेले. असं झालं की आमच्या बायका तोंडाला कुलूप लावतात. ही दुसऱ्याच दिवशी भर बाजारात स्टुलावर चढली.

“मला फसवलं! तो काय काय बोलला ते सांगते, नीट ऐकून ठेवा!”

“अगं, उतर खाली. चारचौघांत शोभा कशाला?” नामुद्दू म्हणाली. ती आमच्या मयत-मंडळाची अध्यक्षीण.

“चोरी त्यानं केली. लाज मी का बाळगू?”

मंडळाचे पैसेही नालोंगोच्याच फोनमध्ये असतात, पण वेगळ्या खात्यात, म्हणून ते वाचले. कुणाचं माणूस गेलं की शवपेटी आणि लोकांचं जेवण त्यातून होतं. एकदा फसलेल्या बाईकडे ते ठेवायचे नाहीत, असं नामुद्दूनं मनात घेतलं. शुक्रवारी फोन काढून घ्यायचं ठरलं. इतर बायका माना डोलवत होत्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

शुक्रवारी मंडळाच्या बैठकीला आम्ही केळ्यांच्या पानांवर बसलो, तोच नालोंगोच्या फोनवर पैसे आल्याचा निरोप आला. पाठोपाठ फोन. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

“आई, चुकून तुमच्याकडे पैसे आले. बायको दवाखान्यात आहे, लगेच परत पाठवा!”

“पाठव गं बाई,” नामुद्दू कळवळली. “दुसऱ्याचा पैसा ठेवू नये.”

आम्ही माणसं फसतो ती इथंच.

नालोंगो मात्र मांडी घालून ऐसपैस बसली. “आधी विचारपूस तर कर, बाळा. घरचे कसे आहेत? गुरंढोरं?”

“आई, वेळ नाहीये हो!”

“कूळ कोणतं तुझं?”

“तुमचं कोणतं?”

“नाकतोडा.”

“अहो, माझंही तेच!”

“अगंबाई, मग मी तुझी आत्याच झाले!”

“हो आत्या, आता तरी पाठवा!”

“पाठवते की. रविवारी जेवायला ये. कांदा घालून नाकतोडे तळते तुला, कुरकुरीत.”

“येतो आत्या! जीव की प्राण आहेत मला!”

आम्ही पोट धरधरून हसलो. पलीकडच्या रांगेतले कसाईसुद्धा सुरे खाली ठेवून हसायला लागले.

“देवकालाच दात लावतोस, मेल्या? कुठल्या आत्यानं वाढवलं तुला?” नालोंगो कडाडली.

फोन कट झाला. नालोंगोनं स्वतः खात्यातली शिल्लक काढून सगळ्यांना दाखवली. एक शिलिंगही वाढला नव्हता. तो निरोप त्या भामट्यानंच लिहून पाठवलेला.

“तुला आधीच कळलं होतं?” मी विचारलं.

“ज्याच्या घरी खरंच दुखणं आहे, तोही ‘कशा आहात’ म्हणायला थांबतो. एवढी घाई चोरालाच असते.”

नामुद्दू उठली. आता ही फोन मागणार, म्हणून मी तोंड उघडणारच होते. पण तिची मान खाली होती.

“मी पाठवले होते,” ती म्हणाली. “गेल्या वर्षी. अगदी असाच फोन आला होता. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.”

नालोंगोनं तिला जवळबिवळ घेतलं नाही. पायानं स्टूल तिच्यापुढे सरकवलं.

“चढ.”

“सगळ्यांसमोर?”

“मग काय चोरासमोर?”

नामुद्दूनं झग्यावरचा कमरेचा पट्टा आवळला आणि ती चढली. आपण कशी फसलो ते तिनं सांगायला घेतलं. तिचा आवाज पार मोटार-थांब्यापर्यंत गेला. फोनचं नाव कुणी काढलं नाही. आणि ती खाली उतरायच्या आत टोमॅटोवाली स्टुलाला हात लावून उभी होती, आपल्या पाळीची वाट बघत.